जुडी की चिमूट?

शेपूवरून मराठी घरांत दोन तट पडतात, यात नवल नाही. कढईत शेपू पडला की एक जण ताट घेऊन बसतो आणि दुसरा खिडक्या उघडत सुटतो. पण पुरंदर तालुक्यातल्या एका परसात यंदा मार्गशीर्षात जुंपली ती शेपू आवडणाऱ्या दोघींमध्येच. एक मावशी. सारं आयुष्य परसात भाजीपाला पिकवण्यात गेलेलं, वाफ्याला ओल किती आहे ते पायाच्या अंगठ्याने ओळखणाऱ्या. दुसरी त्यांची भाची. नवऱ्याच्या नोकरीमुळे काही वर्षं स्टॉकहोमला काढून आलेली आणि आता पुण्यात गच्चीवरच्या क्रेटमध्ये शेपू, पार्सली, पुदिना असं काय काय लावणारी. वाफ्यात वीत-दीड वीत उंचीचा हिरवागार शेपू डोलत होता. भाचीने सहज विचारलं, "मावशी, एवढा आलाय, थोडा वाळवून ठेवायचा का?"

मावशींनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू ती दूध वाळवायला निघाली होती.

"दुधाचीही पावडर होतेच की," भाची म्हणाली. तिथून जे सुरू झालं ते दुपारच्या चहापर्यंत चाललं. गंमत अशी, की वाद वाळवण्याचा वाटत असला तरी त्याची सुरुवात पेरणीतच होती.

मावशींची पेरणी फोकून. वाफ्यात शेणखत मिसळायचं, माती भुसभुशीत करायची, रात्रभर भिजवलेल्या शोपा, म्हणजे शेपूच्या बिया, निथळून त्यात थोडी राख किंवा कोरडी माती चोळायची म्हणजे त्या हाताला चिकटत नाहीत, आणि मुठीने फोकायच्या. वरून मातीचा जेमतेम अर्ध्या-एक सेंटिमीटरचा थर, झारीने पाणी. आठ-दहा दिवसांत दोऱ्यासारखी रोपं वर येतात. इतकी दाट, की खालची माती दिसू नये.

"एवढ्या दाटीत रोपांचा जीव गुदमरत नाही?" भाचीने विचारलं. तिच्या क्रेटमध्ये दोन रोपांत वीतभर अंतर असतं.

"गुदमरू दे. म्हणूनच तर कोवळी राहतात. दाटीत देठ बारीक राहतो, सरळ वर जातो, देठासकट चिरता येतो. तुझ्यासारखी विरळ पेरली तर झाड फोफावतं, दांडा जाड होतो. तो काय दातांनी तोडायचा?"

बरोबर आहे. आणि भाचीचंही बरोबर आहे, कारण तिला देठ नकोच असतो. विरळ पेरलेल्या शेपूला फांद्या फुटतात, पानांचा पसारा वाढतो, आणि एकेक पान खुडून महिना-दीड महिना काढता येतो. मावशी शेपूकडे पालेभाजी म्हणून बघतात. एका वेळी अख्खी जुडी, निदान दोन तरी, कारण शिजल्यावर उरतं किती? भाचीच्या लेखी शेपू चवीला घालायचा, कोथिंबिरीसारखा. एका वेळी चिमूटभर, फार तर मूठभर. पेरणीचं अंतर, तोडणीची पद्धत, वाळवणाचा हिशेब, पुढचं सगळं या एका फरकातून निघतं. जुडीवाल्यांना आणि चिमूटवाल्यांना एकच सल्ला देणाऱ्या बागकामाच्या पुस्तकांची म्हणूनच पंचाईत होते.

एका गोष्टीवर मात्र दोघींचं एकमत झालं. शेपूची रोपं एका जागेहून उपटून दुसरीकडे लावायची नाहीत. गाजर, कोथिंबीर, बडीशेप, जिरं, ओवा या सगळ्यांच्या कुळातलं हे झाड, त्याला सोटमूळ असतं. ते दुखावलं की झाड रुसतं आणि पानं वाढवायची सोडून फुलावर यायची घाई करतं. रोपवाटिकेतून छोट्या पिशवीतलं रोप आणून कुंडीत लावलं आणि पंधरा दिवसांत ते फुलावर आलं, अशी शहरातल्या बागकामवाल्यांची नेहमीची तक्रार असते. तिचं कारण बहुतेक वेळा हे मूळ असतं. क्रेटमध्ये पालेभाजीपुरता शेपू घ्यायचा तर वीतभर खोल माती पुरते. बी धरायचं असेल तर फूटभर खोली हवी आणि निदान सहा तास ऊन हवं.

बियाण्यावरून किरकोळ चकमक उडालीच. भाचीने पाकीट विकत आणलं होतं. मावशी दरवर्षी वाण्याकडून बाळंतशोपा आणतात आणि त्याच पेरतात. "मसाल्याच्या डब्यातल्या उगवतात?" उगवतात, जुन्या नसल्या तर, दोन-तीन वर्षांपुढे शोपांची उगवण बरीच घटते. उलट्या बाजूने मात्र सावध राहायला हवं. पाकिटातलं बियाणं पुष्कळदा बुरशीनाशक लावलेलं, गुलाबी किंवा हिरव्या रंगाचं असतं. उरलेलं बी म्हणून ते कुणी मुखवासात टाकू नये.

मग निघाली तोडणी. मावशी शेपू उपटतात. पेरल्यापासून पस्तीस-चाळीस दिवसांनी, आदल्या संध्याकाळी वाफा ओला करून, सकाळी मुळासकट. मुळांची माती झटकायची, पिवळी पानं काढायची, केळीच्या सोपटाने नाहीतर सुतळीने जुडी बांधायची. मंडईत शेपू असाच येतो. गच्चीवरची कात्री मावशींना बघवत नाही. "नखभर पान कापायचं आणि झाड पुन्हा फुटायची वाट बघायची. तोवर मी दुसरा वाफा पेरून काढणीला आणते."

"पण तुझ्याकडे वाफे आहेत. माझ्याकडे दोन क्रेट आहेत."

या उत्तरावर मावशी गप्प झाल्या नाहीत, पण विषय बदलला. त्या गौरींकडे वळल्या. पश्चिम महाराष्ट्रात बऱ्याच घरी गौरी येतात त्या दिवशी शेपूची भाजी आणि भाकरीचा नैवेद्य असतो. त्या आठवड्यात मंडईत शेपूला जो भाव येतो तो एरवी वर्षभर येत नाही. मावशींचं गणित पक्कं आहे: आषाढाच्या अखेरीला पेरला की गौरींना जुडी तयार. पावसाळी पेरणी सपाट वाफ्यात मात्र साधत नाही. गादीवाफा हवा, नाहीतर पाणी साचून रोपं बुडातून कुजतात आणि कोलमडतात. एखादी जोराची सर आली तर दोऱ्याएवढी रोपं चिखलात लोळतात ती पुन्हा उभी राहत नाहीत. म्हणून त्या एकाऐवजी दोन पेरण्या करतात, आठवड्याच्या अंतराने.

भाचीला या गणितातला वेगळाच धागा दिसला. "मावशी, उन्हाळ्यात पेरलेला तुझा शेपू लवकर फुलावर येतो ना?"

"येतोच. चैत्रात पेरला तर हातभर होतो न होतो तोच दांडा सुटतो. उष्ण्याने."

"उष्णता आहेच, पण दिवसही मोठा असतो." शेपू हे मोठ्या दिवसाचं झाड आहे. दिवस लांबला की ते पानांचं काम आटोपतं घेऊन फुलांच्या मागे लागतं. पुण्यात डिसेंबरमध्ये दिवस अकरा तासांचा, जूनमध्ये सव्वातेरा तासांचा. फरक थोडा वाटतो, झाडाला पुरतो. स्टॉकहोमला जूनच्या मध्यावर दिवस साडेअठरा तासांचा असतो. तिथे वसंतात पेरलेला शेपू ऑगस्टपर्यंत पिवळ्या छत्र्यांनी भरून जातो, आणि स्वीडिश लोकांना नेमक्या त्या छत्र्याच हव्या असतात. ऑगस्टमध्ये तिथे क्रेफिशच्या मेजवान्या झडतात. हे गोड्या पाण्यातले, लहानशा शेवंडासारखे दिसणारे जीव. ते मिठाच्या पाण्यात शेपूच्या फुलोऱ्यासकट उकळतात आणि त्याच पाण्यात गार होऊ देतात. आपल्याकडे ज्याला 'शेपू गेला' म्हणून गुरांपुढे टाकतात, तो तिथे त्या महिन्यात जुड्या बांधून विकतात.

मावशींना ही माहिती आवडली, पण पटली नाही. "आपल्याला काय क्रेफिश उकळायचेत?"

आपल्याला नाहीत. आपल्याला पानं हवीत, आणि त्यासाठी दसऱ्यापासून माघापर्यंतचा काळ सगळ्यात चांगला. दिवस लहान, रात्री गार, झाडाला फुलायची घाई नाही. एका आड एक पंधरवड्याने थोडं थोडं पेरत राहिलं तर कात्रीवालीलाही आणि उपटणारीलाही पुरून उरतो. उरतो तिथेच वाळवणाचा प्रश्न उभा राहतो.

मावशी वाळवणाच्या विरोधात आहेत असं कुणी समजू नये. त्यांच्या माळ्यावर हरभऱ्याची वाळवलेली भाजी असते, कुरडया-सांडगे असतात, गवारीच्या वाळवलेल्या शेंगा असतात. त्यांचा मुद्दा वाळवणाच्या विरोधातला नाहीच, तो गरजेचा आहे. "हरभऱ्याचे शेंडे वर्षातून महिनाभर मिळतात. नंतर बघायला नाहीत. म्हणून ते वाळवायचे. शेपू बाराही महिने मंडईत आहे. जे उद्या ताजं मिळणार ते आज कशाला वाळवायचं?"

या वादात इतका जोरकस मुद्दा दुसरा निघाला नाही. वाळवलेला शेपू जिथे रोजच्या वापरात आहे ते देश पाहिले की मावशींचं म्हणणं खरं ठरतं. स्वीडन, पोलंड, रशिया: हिवाळ्यात जमीन गोठलेली, परसात हिरवं पान नाही. तिथे शेपू वाळवतात, गोठवतात, खारवतात, काकडीच्या लोणच्यात कोंबतात, कारण दुसरा इलाजच नसतो. महाराष्ट्रातल्या परसावर बर्फ पडत नाही.

पण भाचीही तयारीने आली होती. "बाराही महिने मिळतो, पण कसा मिळतो? मे महिन्यातली जुडी आठव. अर्धी दांड्यांनी भरलेली, पानं कडवट, वर भाव दुप्पट. आणि जूनमध्ये चिखल धुता धुता निम्मा शेपू पाण्यात जातो."

"मग त्या दिवशी मेथी करावी."

"मेथी करशील गं. पण ताकात चिमूटभर टाकायला, उकडलेल्या बटाट्यावर भुरभुरायला मेथी चालते का?"

"ताकात शेपू?"

इथे दोघींमधली स्टॉकहोमची वर्षं एकदम उघड झाली. तिथल्या नव्या बटाट्यांचं भाचीने वर्णन केलं: जूनमधले, सालीसकट उकडलेले, लोण्यात घोळवलेले आणि वरून कच्चा शेपू बारीक कापून. शिजवत नाहीत. पानातला जो पहिला, हिरवा, किंचित लिंबाकडे झुकणारा वास असतो तो उष्णतेने लगेच उडतो, म्हणून शेपू शेवटी. मावशींच्या भाजीत नेमकं उलटं. तेल तापवायचं, ठेचलेला लसूण लाल होईपर्यंत परतायचा, हिरवी मिरची, भिजवलेली मुगाची डाळ, मग चिरलेला शेपू, आणि झाकण ठेवून डाळ मऊ पण मोकळी होईपर्यंत वाफेवर. या भाजीत शेपूचा पहिला वास कधीच निघून गेलेला असतो. उरतो तो खोलवरचा, लसणात मुरलेला, ज्वारीच्या भाकरीसोबत पोटभर खाता येणारा. कुठला बरा हे विचारण्यात अर्थ नाही; दोन्ही एकाच पानाचे आहेत, वेगवेगळ्या वेळी काढलेले.

"आणि पोटभर खाणारे आपण एकटेच नाही," मावशींच्या मदतीला भाची स्वतःच धावली. कर्नाटकात सब्बसिगे म्हणून हाच शेपू तांदळाच्या अक्की रोटीत मुठीमुठीने घालतात. उत्तरेत सोया-आलू करतात. हनोईमध्ये चा का नावाचा पदार्थ आहे: हळद लावलेले माशाचे तुकडे ताटासमोरच तव्यावर परततात आणि त्यावर शेपूची अख्खी जुडी टाकतात, पातीच्या कांद्यासकट. जुडीवाल्यांचा नकाशा असा पुरंदरपासून व्हिएतनामपर्यंत पसरलेला आहे. मावशींना मासे चालत नाहीत, पण हळद आणि शेपू एकत्र ऐकून त्यांनी मान डोलावली.

तेवढ्यात त्यांनी तराजूच काढला, अगदी शब्दशः. पानं निवडून वजन करा, म्हणाल्या. ताज्या शेपूत सुमारे ८६ टक्के पाणी असतं. वाळवल्यावर सात-आठ टक्के उरतं. म्हणजे देठ काढून निवडलेल्या १०० ग्रॅम पानांचा पंधरा ग्रॅम चुरा. पाव किलो पानं घ्या, हाती चाळीस ग्रॅमही लागत नाहीत. "घरातल्या चार माणसांना चाळीस ग्रॅमची भाजी वाढू? वाळवलेल्या शेपूची भाजी होत नाही, बाई. सोड."

कागदावर हे गणित चोख आहे. पण भाचीने इराण पुढे केलं. स्टॉकहोममध्ये इराणी लोकांची वस्ती मोठी, आणि त्यांच्या किराणा दुकानांत वाळवलेल्या शेपूच्या उशीएवढ्या पिशव्या मिळतात. शेविद म्हणतात त्याला. बाघाली पोलो हा त्यांचा भात: सोललेल्या बाकल्याच्या, म्हणजे मोठ्या वालासारख्या दाण्यांचा. अर्धवट शिजवून निथळलेल्या तांदळाचे आणि शेपूचे थरावर थर द्यायचे, झाकणाला फडकं बांधून मंद आचेवर दम. ताजा मिळाला तर ताजा, नाहीतर वाळवलेला, पण दोन्ही वेळा मुठीमुठीने. वाळवलेल्या पानांना थरांमधल्या वाफेने पुन्हा ओल येते आणि भात हिरवट होऊन घमघमतो. म्हणजे वाळवलेला शेपू चिमटीनेच वापरायचा असतो हा नियम काही जगाचा नाही.

मावशी यावर काही बोलल्या नाहीत. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "वालाच्या बिरड्याच्या भातात चालेल का?"

भाचीने हा प्रश्न विजय मानला. फार घाईने मानला, कारण पुढचा तास मावशींनी तिला वाळवायचं कसं यावरून धारेवर धरलं. भाचीने मागच्या वर्षी पुण्यात शेपू गच्चीवर उन्हात वाळवला होता. दोन दिवसांत तो गवतासारखा पिवळा पडला आणि वासही गवताचाच उरला. मावशींना ते न बघता कळलं. "कुरडई उन्हात वाळवायची असते. पाला सावलीत. कढीलिंब कधी उन्हात टाकतेस का?"

पाल्याचं तंत्र असं. आदल्या संध्याकाळी झाडांवरच पाणी शिंपडून धूळ धुऊन टाकावी. सकाळी दव उतरल्यावर, पण ऊन चढायच्या आत कापावं. फुलावर यायच्या आधीचा शेपू घ्यावा, तेव्हा पानांत वास भरपूर असतो. जाड देठ काढून पानांच्या झुपक्यांचा पातळ थर जुन्या सुती धोतरावर किंवा साडीवर पसरावा, वाऱ्याच्या खोलीत, उन्हापासून दूर. वर दुसरं पातळ कापड. दिवसातून एकदा हलक्या हाताने हलवायचं. पुरंदरच्या हिवाळ्यात दुपारची हवा कोरडी असते, तीन-चार दिवसांत काम होतं. पावसाळ्यात हा खटाटोप करू नये. पानं वाळायच्या आधी बुरशी धरते. कोकणात आणि गोव्यात तर हिवाळ्यातही हवेत ओल असते, तिथे वाळवणाचं यंत्र लागतं, तेही ३५ ते ४० अंशांवर ठेवलेलं. ओव्हनमध्ये १०० अंशांवर भाजून काढणाऱ्यांच्या हाती रंग लागतो, वास लागत नाही. मायक्रोवेव्हमध्ये दोन कागदी रुमालांमध्ये थोडी थोडी पानं एक-दोन मिनिटं ठेवली तर हिरवेपणा चांगला टिकतो, पण नजर हटली की करपतात.

झालं हे कसं कळतं? पान चिमटीत धरून चोळायचं. चुरा झाला तर वाळलं. वाकलं, मऊ लागलं तर आत ओल आहे. बरणीत भरून झाकण लावावं आणि दोन दिवस लक्ष ठेवावं. काचेला आतून घाम आला तर सगळं बाहेर काढून पुन्हा पसरावं. नंतर बरणी अंधाऱ्या कपाटात; गॅसच्या शेगडीवरच्या फळीवर नको. सहा महिने वास बरा टिकतो, वर्षभराने बरणीत फक्त हिरवा रंग राहतो.

आणि तरीही खरं सांगायचं तर पानांचा वास टिकवायला वाळवण ही दुय्यमच रीत आहे. शेपूच्या पानातली सुगंधी तेलं फार उडनशील. सावलीत वाळवली तरी बराच वास हवेत जातो, तोच आपल्याला वाळवण्याच्या खोलीत येत असतो. गोठवलेला शेपू ताज्याच्या जास्त जवळचा. स्वीडनमध्ये चिरून गोठवलेल्या शेपूचे खोके कुठल्याही दुकानात मिळतात. घरी करायचा तर धुऊन, पूर्ण कोरडा करून, चिरून, बर्फाच्या साच्यात थोड्या पाण्यासोबत किंवा तेलासोबत भरावा. भाचीचा फ्रीजर त्यासाठी मोकळा आहे. मावशींकडे उन्हाळ्यात वीज दुपारी जाते ती कधी येईल सांगता येत नाही. त्यांनी फ्रीजरचा विषय एका हाताने झटकून टाकला.

बियांचा विषय निघाला तेव्हा मात्र वादाचा सूरच बदलला. पानांच्या बाबतीत जुडी की चिमूट असा झगडा. शोपांच्या बाबतीत मावशी स्वतःच चिमूटवाल्या. बाळंतिणीच्या सुपारीत भाजलेल्या बाळंतशोपा, ओवा, तीळ, सुकं खोबरं. जेवण झालं की चमचाभर. काश्यप संहितेत तर शतपुष्पा आणि शतावरी यांवर एक स्वतंत्र अध्याय आहे, बायकांच्या आरोग्यासाठीचा. आणि शतपुष्पा म्हणजे आपल्या शोपाच, असं बहुतेक वैद्य मानतात. १८५१ साली नॉटिंगहॅमच्या विल्यम वुडवर्ड या औषधविक्रेत्याने बाळांच्या पोटदुखीवर जे ग्राइप वॉटर काढलं त्यातही शेपूचं तेल होतं, आणि मूळ कृतीत मद्यार्कही होता.

"म्हणून तर पोरं शांत झोपायची," भाची म्हणाली. तिने स्वतःच्या बाळाला पहिले सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही दिलं नाही, डॉक्टरांनी आणि जागतिक आरोग्य संघटनेनेही तेच सांगितलंय. मावशींचा यावर आक्षेप आहे. तो त्यांनी नोंदवला, भाचीने ऐकून घेतला. बाळंतिणीने शोपा खाण्यावर मात्र दोघींचं दुमत नव्हतं.

शोपा टिकतात आणि पानं टिकत नाहीत, याचं कारण त्यांच्या बांधणीत आहे. बीच्या आत तेलाच्या बंद नळ्या असतात. वाळवलं तरी तेल आतच राहतं. दाताखाली किंवा खलात फुटेपर्यंत बाहेर येत नाही. पानातली तिजोरी इतकी घट्ट नसते. तेलही वेगळं असतं: पानात फेलँड्रीनसारखी हलकी द्रव्यं, तर बीमध्ये कार्व्होन, ज्यामुळे शोपांचा वास विलायती शहाजिऱ्याच्या अंगाने जातो. देशी शोपा आणि युरोपातल्या शोपा यांतही फरक आहे. आपल्या बिया अरुंद, जास्त फुगीर, कडेचा पंखासारखा पापुद्रा बारीक. त्यांच्या तेलात कार्व्होन कमी आणि डिलॅपिओल नावाचं जड द्रव्य भरपूर. वनस्पतिशास्त्रज्ञांनी एके काळी देशी शेपूला वेगळी जात मानून ॲनेथम सोवा असं नाव दिलं होतं. अजमेरजवळ तबीजीला २००० सालापासून बीजमसाल्यांचं राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे. तिथून निघालेल्या वाणांपैकी अजमेर डिल-१ युरोपीय धर्तीचं, अजमेर डिल-२ देशी. भाचीच्या पाकिटातला वाण अमेरिकेत १९९२ साली बक्षीस मिळवलेला फर्नलीफ. हा दीड फुटावर थांबतो, कुंडीत सोयीचा, आणि फुलावर यायला वेळ घेतो. मावशींच्या देशी शेपूचं झाड सोडून दिलं तर छातीपर्यंत जातं.

बी धरायचं तर ऑक्टोबर-नोव्हेंबरची पेरणी, आणि चार-पाच महिने जागा अडणार. मधली मोठी छत्री आधी पिकते, कडेच्या मागून. सगळ्या पिकायची वाट बघत बसलं तर मधली झडून जाते. ती तपकिरी झाली की दांड्यासकट कापावी, आणि तीही भल्या पहाटे, दव असताना. पानांना दव नको, बियांना हवं. ओलसर असताना त्या गळत नाहीत. मग कागदी पिशवीत डोकं खाली करून आठ-दहा दिवस टांगून ठेवायच्या, हाताने चोळायच्या आणि सुपात पाखडायच्या. मावशींच्या हातचं सूप असेल तर काडी राहत नाही. भाचीने तिची चाळणी दाखवली, मावशींनी ती बाजूला ठेवली.

"माझ्यासाठी काही झाडं सोड," भाची म्हणाली. फुललेल्या शेपूवर मधमाश्या येतात, मावा खाणारे ढालकिडे येतात, किडींच्या अंड्यांत आपली अंडी घालणाऱ्या चिमुकल्या गांधीलमाश्या येतात. उघड्या, उथळ फुलांतला मध त्यांच्या छोट्या तोंडाला पोचतो. शेजारच्या कोबीला त्याचा फायदा होईल.

"मावाही येतो. शेपूच्या दांड्यावर काळा-हिरवा मावा मी बघितलाय."

"तो आला म्हणूनच ढालकिडे येतात ना!"

मावशींना जागेची काळजी होती. छातीएवढी झाडं वाफ्यात उभी राहिली तर मेथीवर सावली पडणार. भाचीने हात करून दिशा दाखवली. थंडीत ऊन दक्षिणेकडून येतं, झाडं वाफ्याच्या उत्तरेच्या कडेला ठेवली तर सावली बांधावर पडेल, मेथीवर नाही. मावशींनी बांधाकडे पाहिलं, मनात काही मोजलं. भाचीने सहा झाडं मागितली होती, मिळाली चार. त्यांतल्या दोन झाडांच्या शोपा मावशींच्या, कारण वाण्याकडच्या हल्ली जुन्या निघतात.